जाळलेली उष्णता आणि वाहून आणलेली उष्णता : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात उष्णता-पंपाचा ऐतिहासिक विचार

थंड हवेच्या देशांत घर उबदार ठेवण्यासाठी नैसर्गिक वायू जाळावा, की त्याऐवजी विजेवर चालणारा उष्णता-पंप बसवावा, हा आज मोठ्या वादाचा विषय झाला आहे. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यानंतर युरोपात वायूच्या किमती भडकल्या आणि या वादास विशेष धार आली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील मनुष्याला हा वाद परका वाटणे स्वाभाविक आहे. शेणवा, डोळखांब, किन्हवली किंवा टोकावडे येथील घरे वायू जाळून उबदार करण्याची पद्धत कधीच नव्हती. येथील घराचे वैरी दोन : चैत्र-वैशाखातील उकाडा आणि पावसाळ्यातील ओलावा.

तथापि, या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न हवामानापुरता मर्यादित नाही. गृहस्थाला लागणारी उष्णता काहीतरी जाळून निर्माण करावयाची, की जेथे ती आहे तेथून उचलून हवी तेथे आणावयाची, हा तो प्रश्न होय. तापविणे आणि थंड करणे या एकाच यंत्राच्या दोन बाजू असूनही व्यवहारात त्या एकमेकींपासून तुटल्या. ही ताटातूट निसर्गनियमाने घडलेली नसून इंधनाची किंमत, व्यापार आणि सवय यांनी घडविलेली आहे, आणि तिची किंमत शहापूर-मुरबाडसारख्या प्रदेशाने दिलेली आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

१. प्रदेशातील घर आणि त्यातील अग्नी

या भागातील जुने घर म्हणजे कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती आणि वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर. अशा घरात चुलीचे कार्य केवळ अन्न शिजविणे एवढेच नव्हते. तिच्या धुराने माळ्यावरचे बियाणे आणि छपराचे लाकूड किडीपासून सुरक्षित राहात असे; पावसाळ्यात तिच्याच धगीवर ओली कापडे व दुसऱ्या दिवसाचे सरपण वाळत असे. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. आपल्याकडील ‘खोली तापविण्याचा’ खरा प्रकार शोधावयाचा झाल्यास तो येथे सापडतो. पौष-माघातील रात्री पाड्यावर शेकोटी पेटते. परंतु ती घराबाहेर, अंगणात.

रोजच्या रोज लागणारी दुसरी उष्णता आंघोळीच्या पाण्याची. शहरांतील व मोठ्या गावांतील मध्यमवर्गीय घरांत तिच्यासाठी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत निखारे व ढलप्या आणि सभोवती पाणी, अशी त्याची रचना होती. पाड्यावरील घरात हेच काम तीन दगडांच्या चुलीवरील हंडा करी व अद्यापही करतो. म्हणजे, आपल्या प्रदेशात गृह-उष्णतेचा प्रश्न नाही असे म्हणणे चुकीचे आहे. तो हवेचा नसून प्रामुख्याने पाण्याचा आणि ओलाव्याचा आहे, एवढेच.

२. जंगल, राब आणि वखार

या अग्नीला लागणारे इंधन जंगलातून येई आणि त्यावर एकाच वेळी तिघांचा हक्क पोचत असे. पहिला शेतकऱ्याचा. भाताची रोपे करण्यापूर्वी वाफ्यावर झाडांचा पाला, फांद्या व शेण पसरून जाळणे, म्हणजेच राब करणे, ही ठाणे-कुलाबा भागातील रूढ पद्धती होती. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांची व्याप्ती वाढली व या तोडीवर बंधने आली. त्यातून निर्माण झालेल्या असंतोषाच्या चौकशीसाठी १८८५ साली मुंबई सरकारने वन आयोग नेमला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल सादर झाला. राबाचा प्रश्न त्या चौकशीच्या केंद्रस्थानी होता.

दुसरा हक्क घराच्या चुलीचा. तो बहुतांशी स्त्रियांच्या डोक्यावरील मोळीच्या रूपाने वसूल होई. तिसरा, आणि सर्वांत बलिष्ठ, शहराचा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५४ साली कल्याणास, १८५५ साली वासिंदास आणि १८६१ च्या आरंभी कसाऱ्यास पोचली. तिने शहापूरचे जंगल मुंबईच्या वखारींच्या टप्प्यात आणले. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून ज्यांचे नाव पडले ते कातकरी पुढे मोठ्या प्रमाणावर कोळसा पाडण्याच्या कामाला लागले. व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घ्यावयाची, पावसाळा संपताच कुटुंबासह जंगलात भट्ट्या लावावयाच्या आणि उचल फिटेपर्यंत राबावयाचे, असा हा क्रम होता. मुंबईच्या चाळीतील शेगडीचा निखारा म्हणजे अनेकदा या श्रमाचे घनरूप होते.

शहराने या प्रदेशातून केवळ इंधनच नेले नाही. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले, १९५७ साली वैतरणेवरील मोडक सागर आणि पुढे भातसा प्रकल्प उभा राहिला. मुंबईकराच्या बंबातील कोळसा आणि पाणी ही दोन्ही एकाच तालुक्यातून आलेली असणे हा निव्वळ कल्पनाविलास नव्हे.

३. शहरात आलेला थंडावा

मुंबईने उष्णता जवळून घेतली, परंतु थंडावा मात्र फार दुरून आणला. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ साली ‘टस्कनी’ या जहाजातून सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ कलकत्त्यास पाठविला. वाटेत बराच वितळूनही उरलेला बर्फ नफा देऊन गेला. लवकरच मुंबईसही अमेरिकन बर्फ येऊ लागला आणि तो साठविण्यासाठी कोटात बर्फघर बांधण्यात आले. पुढे यंत्राने बर्फ तयार होऊ लागला, तेव्हा हा सागरी व्यापार मावळला. थंडाव्याची ही सवय श्रीमंतांच्या मेजवानीतून सार्वजनिक करमणुकीत उतरली. १९३३ साली मुंबईत उघडलेले रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होते. १९३४ साली फ्रंटियर मेलच्या डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवून आतील हवा गार करण्याची योजना अमलात आली. १९५४ साली टाटा व स्विस फोल्कार्ट ब्रदर्स यांच्या सहकार्यातून व्होल्टास कंपनी स्थापन झाली आणि वातानुकूलन हा देशी उद्योग बनू लागला.

वायूचा इतिहास याच शहरात समांतर चालला होता. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर दगडी कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे लागले. १९५५ च्या सुमारास बर्मा-शेलने ‘बर्शेन’ या नावाने द्रवीभूत वायूच्या टाक्या घरोघर देण्यास आरंभ केला. १९७४ साली मुंबई हायमध्ये तेल सापडले आणि १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीने नळाचा वायू स्वयंपाकघरात व न्हाणीघरात पोचविला. कोळशाच्या बंबाची जागा वायूच्या गीझरने घेतली.

४. एका यंत्राची दोन नावे

येथे यंत्राच्या तत्त्वाकडे वळणे अवश्य आहे. उष्णता आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तिला उलट दिशेने न्यावयाचे तर कार्य खर्ची घालावे लागते. प्रशीतक द्रव कमी दाबाखाली बाष्पीभूत होताना भोवतालची उष्णता शोषतो. संपीडकाने त्या वाफेवर दाब दिला की तिचे तापमान वाढते आणि दुसऱ्या टोकाला द्रवीभूत होताना ती शोषलेली उष्णता व संपीडनाचे कार्य दोन्ही बाहेर टाकते. पहिल्या टोकाचा उपयोग केला तर यंत्रास वातानुकूलक म्हणावयाचे, दुसऱ्या टोकाचा केला तर उष्णता-पंप. यंत्र एकच.

हे ऐक्य तत्त्वज्ञांना प्रारंभापासून ठाऊक होते. स्कॉटलंडचा राजज्योतिषी पियात्सी स्मिथ याने १८५० च्या सुमारास उष्ण कटिबंधातील खोल्या गार करण्याची योजना मांडली. १८५२ साली विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील लॉर्ड केल्व्हिन, याने हवेच्या प्रवाहांनी इमारती तापविण्याच्या वा थंड करण्याच्या काटकसरीविषयी निबंध वाचला. घर तापविण्यासाठी कोळसा सरळ जाळण्यापेक्षा त्याच्या शक्तीने यंत्र चालवून बाहेरची उष्णता आत खेचणे अधिक फायद्याचे, हा त्याचा निष्कर्ष होता. ऑस्ट्रियातील एबेन्से येथे पेटर फॉन रिटिंगर याने १८५५-५७ मध्ये मिठाचे पाणी आटविण्यासाठी हे तत्त्व प्रथम व्यवहारात आणले, ते इंधन वाचविण्यासाठीच. १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनमधील छापखान्यासाठी जी योजना केली, तिचा हेतूही मूलतः हवेतील आर्द्रता ताब्यात ठेवण्याचा होता. आपल्या चुलीने पावसाळ्यात जे काम धुराच्या मोबदल्यात केले तेच हे काम.

मग तापविण्याची बाजू मागे का पडली? याचे उत्तर इंधनाच्या बाजारात आहे. ज्या देशात कोळसा नव्हता परंतु जलविद्युत् होती, त्या स्वित्झर्लंडमध्ये १९३८ साली झुरिकच्या नगरभवनात लिम्माट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला. उलट ब्रिटनमध्ये १९६५ साली उत्तर समुद्रात वायू सापडला आणि स्वस्त वायूपुढे असले प्रयोग झाकोळले. १९७३ च्या तेलटंचाईने ते पुन्हा वर आले. म्हणजे यंत्राचे भाग्य त्याच्या गुणांपेक्षा शेजारी जळणाऱ्या इंधनाच्या दरावर ठरत गेले.

पश्चिम महाराष्ट्राची स्थिती एका बाबतीत स्वित्झर्लंडसारखी होती. दगडी कोळशाच्या खाणी दूर, परंतु सह्याद्रीच्या कड्यावरून पडणारे पाणी जवळ. खोपोलीचे जलविद्युत् केंद्र १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. ही वीज गिरण्यांना, रेल्वेला आणि पुढे वातानुकूलित सभागृहांना मिळाली. आंघोळीच्या पाण्याचा विचार कोणी केला नाही. वखारीतील कोळसा स्वस्त होता, आणि तो स्वस्त होता याचे एक कारण तो पाडणाऱ्याची मजुरी उचलीत अडकलेली होती, हे विसरता येत नाही.

५. हिशेब

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी एक ढोबळ गणित मांडतो. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंश सेल्सियसपर्यंत तापविण्यास सुमारे १,६७५ किलोज्यूल, म्हणजे विजेच्या मापाने ०.४७ युनिट उष्णता लागते. लाकडाच्या उष्णतेपैकी एक पंचमांशच पाण्यास मिळते असे धरले तर एका बादलीला अर्धा किलो लाकूड जळते. पाच माणसांच्या कुटुंबास रोज अडीच किलो. वायूच्या गीझरला त्याच बादलीसाठी सुमारे ४५ ग्रॅम द्रवीभूत वायू पुरतो. खर्चिलेल्या विजेच्या तिप्पट उष्णता देणाऱ्या पंपास ०.१६ युनिट वीज लागते.

परंतु ही वीज कोळशाच्या केंद्रात निर्माण झालेली असेल आणि तेथे कोळशाच्या उष्णतेचा एक तृतीयांश भागच विजेत उतरत असेल, तर पंपाचा सारा फायदा उत्पादनातील तोट्याच्या भरपाईत जातो व हिशेब जवळजवळ समसमान होतो. पाण्याची, वाऱ्याची किंवा सूर्याची वीज असेल तरच पंपाचे श्रेष्ठत्व निर्विवाद ठरते. उष्णता-पंपाचा पुरस्कार करणाऱ्यांनी ही अट झाकून ठेवू नये. विरोध करणाऱ्यांनी ती पूर्ण होण्याजोगी नाही असेही समजू नये. छपरावरील सौर बंब हा आपल्याकडील अधिक सरळ उपाय आहे. मात्र आषाढ-श्रावणात तो निरुपयोगी होतो, आणि तेव्हाही हवेत उष्णता भरपूर असल्याने पंप मात्र चालतो.

आज शहरातील एखाद्या इमारतीकडे पाहिले असता ताटातुटीचे चित्र स्पष्ट दिसते. एका खिडकीबाहेर वातानुकूलक गरम हवा गल्लीत फेकीत असतो आणि त्याच भिंतीपलीकडील न्हाणीघरात पाणी तापविण्यासाठी वायू जळत असतो. त्यातच अनेक प्रशीतक वायू वातावरणास घातक ठरल्याने प्रथम १९८७ च्या माँट्रियल करारान्वये व नंतर २०१६ च्या किगाली दुरुस्तीन्वये त्यांच्यावर नियंत्रण आले आहे.

६. समारोप

शेणव्याच्या परिसरात या सर्वांचा अर्थ काय? १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत वायूची शेगडी पोचली. तथापि टाकी पुन्हा भरण्याचा खर्च आणि जंगलातील विनामूल्य लाकूड यांची तुलना होते तेव्हा निदान आंघोळीच्या पाण्यापुरती तरी चूल जिंकते. लाकूड विनामूल्य ठरते, कारण ते आणणाऱ्या स्त्रीच्या वेळेची व डोळ्यांत जाणाऱ्या धुराची किंमत कोणी धरीत नाही. उष्णता-पंपाची आरंभीची किंमत या घराच्या आवाक्याबाहेर आहे, आणि खंडित विजेवर तो विसंबूही शकत नाही. म्हणून येथे ‘वायू की उष्णता-पंप’ हा युरोपीय प्रश्न जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. येथील प्रश्न मोळीऐवजी काय, हा आहे. आश्रमशाळा, वसतिगृहे व ग्रामीण रुग्णालये येथे पुष्कळ पाणी एकत्र तापवावे लागते व खर्च वाटला जातो. अशा ठिकाणी सामुदायिक पंपाचा विचार प्रथम व्हावा, हे ऐतिहासिक अनुभवाशी सुसंगत आहे. झुरिकमध्येही आरंभ नगरभवनापासून झाला, घरापासून नव्हे.

शहापूर-मुरबाडने एका शहराला दीर्घकाळ निखारा आणि पाणी पुरविले. त्या शहरातील यंत्रांनी टाकून दिलेली उष्णता मोजण्याची साधने आपल्यापाशी आहेत. परंतु या प्रदेशातील स्त्रियांनी वाहिलेल्या मोळ्यांची मोजदाद वन खात्याच्या दप्तरात नाही. कोळसा-भट्ट्यांवर बालपण घालविलेली माणसे आज वृद्ध झाली आहेत. त्यांच्या आठवणी नोंदविण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लांबणीवर टाकू नये, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.