सोडलेला पैसा जातो कुठे?

मी एमएस्सी केली संख्याशास्त्रात आणि पीएचडी करतेय शेती अनुदानांच्या इतिहासावर. त्यामुळे घरी, प्रवासात, लग्नात एक प्रश्न हमखास येतो : "सरकार देतंय म्हटल्यावर स्वतःहून कोण सोडेल गं?"

सोडतात की. मार्च २०१५ मध्ये केंद्राने गॅसची सबसिडी सोडण्याचं आवाहन केलं आणि साधारण वर्षभरात एक कोटीहून जास्त ग्राहकांनी ती सोडली. पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग आपण विसरतो. जानेवारी २०१६ पासून वर्षाला दहा लाखांहून जास्त करपात्र उत्पन्न असलेल्यांची सबसिडी नियमानेच बंद झाली. म्हणजे आधी विनंती, मग नियम.

शेतीत हेच कसं घडलं ते बघायला आमच्या नांदेडची सीमा ओलांडून तेलंगणात जाऊ. १० मे २०१८ ला तिथे 'रयतू बंधू' योजना सुरू झाली. एकरी ४ हजार रुपये, तेही दोन्ही हंगामांना. जमिनीला कमाल मर्यादा नाही. आता हिशोब करा. दोन एकरवाल्याला वर्षाला १६ हजार, वीस एकरवाल्याला १ लाख ६० हजार. ज्याची जमीन जास्त, त्याला मदत जास्त! यावर टीका होणारच होती. सरकारचं उत्तर काय, तर ज्यांना गरज नाही त्यांनी स्वेच्छेने सोडावं.

माझ्या मते गोम इथेच आहे. मर्यादा घालणं हा राजकीय निर्णय असतो, त्यात कोणीतरी दुखावतं. आवाहनात कोणीच दुखावत नाही. जो निर्णय सरकारने घ्यायचा, तो शेतकऱ्याच्या सद्सद्विवेकावर सोपवला जातो.

दुसरी अडचण याहून मोठी. हे पैसे पट्टादार पासबुकावर, म्हणजे जमिनीच्या मालकीवर मिळत. दुसऱ्याची जमीन कसणारा त्यात नव्हताच. मोठ्या मालकाने पैसे सोडले, तरी त्याच्याच रानात राबणाऱ्याला ते मिळतील अशी सोय नव्हती.

पीएम-किसानची रचना वेगळी आहे. वर्षाला ६ हजार, एकरावर अवलंबून नाहीत, आणि आयकर भरणाऱ्यांना नियमानेच वगळलंय. स्वेच्छेने लाभ सोडण्याचा पर्याय पोर्टलवर नंतर आला. (अपात्र माणसाने घेतलेले पैसे परत करणं ही वेगळी गोष्ट, तिथे स्वेच्छेचा प्रश्न येत नाही.) पण इथेही लाभ जमीनधारकालाच.

हे मला कागदांच्या आधी घरात कळलं. आमची जमीन बटईने दिलेली आहे. सातबारा आजोबांच्या नावावर, त्यामुळे हप्ताही त्यांनाच येतो. सोडायच्या पर्यायाबद्दल मी सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मी सोडले तर बटईदाराला मिळतील का?"

"नाही, आबा. सरकारकडेच राहतील."

"मग मीच देतो त्याला," म्हणाले. तेव्हापासून हप्ता आला की ते बँकेतून दोन हजार काढतात आणि त्याच्या हातात ठेवतात.

याची नोंद कुठल्याच पोर्टलवर नाही. म्हणून 'किती जणांनी सोडले' हा आकडा कुणी तोंडावर फेकला की मी आधी विचारते : ते गेले कुठे?