ओवीतला उपवासकाळ

ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. गोव्यातल्या साष्टीतल्या एका चर्चमध्ये रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपतो आणि नव्याने बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांपुढे आपले गाऱ्हाणे मांडतो. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नाला फादर थॉमस स्टीफन्स यांनी १०,९६२ ओव्यांचे उत्तर दिले. ते १६१६ साली रायतूरच्या जेझुइट कॉलेजात छापले गेले.

स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशरचे. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. साष्टीत त्यांना जो समाज भेटला तो जखमी होता. १५६७ मध्ये तिथली देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले, तेव्हा त्यांचे मृतदेह ताब्यात घेण्यासाठी स्टीफन्स स्वतः गेले होते. त्यामुळे त्या ब्राह्मणाच्या प्रश्नात नुसती जिज्ञासा नव्हती. देऊळ गेले, पोथी गेली, कीर्तन गेले. आता देवाशी बोलायचे ते कोणत्या शब्दांत, असे तो विचारत होता.

हा प्रश्न सर्वांत तीव्र होई तो उपवासकाळात. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेची खूण घेऊन सुरू होणारा हा काळ रविवार वगळता चाळीस दिवसांचा. मांस वर्ज्य, प्रार्थना वाढवायची, दानधर्म करायचा, आणि या सगळ्याच्या केंद्रस्थानी पश्चात्ताप. वर्षातून एकदा तरी पापांची कबुली द्यायची आणि ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, हे बंधन १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान कॅथलिकावर घातले होते. इतर विधी लॅटिनमध्ये उरकता येत. लोक गुडघे टेकत, क्रुसाची खूण करत, घंटा वाजली की मान लववत. कबुलीचे तसे नव्हते. शेतात बांध कोरला, शेजाऱ्याशी वैर धरले, बायकोवर हात उचलला, हे माणूस आपल्या बोलीतच सांगणार, आणि ऐकणाऱ्याला ते कळले नाही तर क्षमेचे शब्द तरी कशावर उच्चारायचे? मध्ये दुभाषा बसवला तर गुप्ततेचे काय?

म्हणूनच १५६७ च्या गोव्यातल्या पहिल्या प्रांतिक परिषदेने पाद्र्यांनी स्थानिक भाषा शिकावी असा आग्रह धरला. ज्या वर्षी साष्टीतली देवळे पडली, त्याच वर्षी त्या लोकांची भाषा शिकण्याचा ठराव झाला. हा विरोधाभास या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले, आणि भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत त्याचा मान पहिला. भाषाशास्त्राचे अभ्यासक त्याचे कौतुक करतात ते योग्यच. पण त्यामागची निकड कबुली ऐकणाऱ्या पाद्र्याची होती, हे ध्यानात ठेवायला हवे.

कबुलीसाठी भाषा लागली, तशी पश्चात्तापासाठी कथा लागली. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या भागात जुना करार येतो, दुसऱ्यात येशूचे चरित्र. गेथशेमाने बागेतली प्रार्थना, यहूदाचा विश्वासघात, तीनदा गुरूला नाकारून ढसढसा रडणारा पेत्र, क्रूस, मृत्यू आणि पुनरुत्थान, हे सारे ओवीच्या चालीवर. ज्या कानांनी एके काळी पोथ्या ऐकल्या त्यांना ती चाल परकी नव्हती. स्टीफन्स यांनी तारणाचा विचार सांगताना वैकुंठ, मुक्ती हे शब्द टाळले नाहीत. उलट त्यांत नवा अर्थ भरला. पेत्राकडे तर आणखी एका पाद्र्याचे लक्ष गेले. एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने १६२९ मध्ये त्याच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध पुराण प्रसिद्ध केले. त्यात हिंदू समजुतींचे खंडन इतके आहे की आज वाचताना जड जाते.

पुढे वारे फिरले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी फर्मान काढले : तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज धरावी. १७३६ मध्ये इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, प्रसिद्ध जाहीरनामा निघाला आणि लग्नातल्या गाण्यांपासून अंगणातल्या तुळशीपर्यंत शेकडो चालीरीतींवर बंदी आली. त्यात एकादशीचा उपवासही होता; ख्रिस्ती पद्धतीचे उपवास मात्र चालतील, असे तिथेच नमूद आहे. ही ओळ अस्वस्थ करते. शरीराला अन्नावाचून ठेवून देवाकडे वळण्याची जी रीत त्या घरांत पिढ्यानपिढ्या चालत आली होती, तिच्या पायावर उपवासकाळ सहज उभा राहिला असता. तिथे मात्र एक उपवास पुण्य ठरला आणि दुसरा गुन्हा. १७४५ मध्ये आर्चबिशप लॉरेन्सो द सांता मारिया यांनी पोर्तुगीज न येणाऱ्यांच्या लग्नालाही आडकाठी केली.

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांमुळे, आणि जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरहून १९०७ मध्ये त्याची रोमन लिपीतली आवृत्ती काढली म्हणून.

उत्तर कोकणाची वाट वेगळी. वसई परिसराच्या मराठीत फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांनी येशूच्या दुःखसहनावर आणि मृत्यूवर लिहिलेले पुराण १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले. म्हणजे उपवासकाळाचा गाभाच या भागातल्या भाविकांसाठी ओवीत आला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज सत्ता गेली, तरी गावोगावचे ख्रिस्ती तिथेच राहिले. ते पुराण एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापावे लागले, यावरूनच त्याची मागणी कळते.

गोव्यात उपवासकाळाला दुसरे रूप आले. मिरवणुका, क्रुसाच्या वाटेवरचे देखावे, मोतेत म्हणजे लॅटिन भक्तिगीते. गोंय वेल्ह्याची संतांची मिरवणूक उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी निघते. १८३० च्या दशकात पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केल्यावर ती खंडित झाली आणि त्याच शतकात पुन्हा सुरू झाली. गोव्याच्या संगीतकारांनी रचलेले मोतेत सुंदर आहेत यात शंका नाही. पण ते ऐकणाऱ्या बहुतेकांना त्यांतले शब्द कळत नसत, ही उणीव सूर कितीही आर्त असले तरी भरून निघत नाही.

देशावर ही कहाणी प्रॉटेस्टंटांच्या हातून पुढे गेली. अहमदनगरला १८३१ मध्ये आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत राखेचा बुधवार आणि चाळीस दिवसांचे नेम यांना फारसे स्थान नव्हते. पश्चात्ताप तिथे रोजचा. त्या मंडळीत १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नारायण वामन टिळक आले आणि त्यांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणले. वारकऱ्यांच्या अभंगांतली पतिताची आर्तता त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी नेली. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या तीत एक झाल्या आणि अँग्लिकनांचा उपवासकाळही सर्वांच्या उपासनेत आला. आज त्या मंडळ्यांत राखेचा बुधवार पाळतात आणि उत्तम शुक्रवारी क्रुसावरच्या सात उद्गारांवर मराठीत प्रवचने होतात.

कॅथलिकांना आपल्या भाषेतल्या उपासनेसाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची वाट पाहावी लागली. १९६३ मध्ये तिने उपासनेत लोकभाषांना मोकळीक दिली. त्याआधीच, १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेले ख्रिस्तपुराण पुण्याहून देवनागरीत प्रसिद्ध झाले होते. मूळ छपाईनंतर ३४० वर्षांनी, त्या ब्राह्मणाने मागितलेली पोथी महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचकाला आपल्या लिपीत वाचता येऊ लागली.