कुत-अल-अमाराचे भारतीय युद्धकैदी

कुत-अल-अमाराचे भारतीय युद्धकैदी : पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (आताच्या इराकमधील) कुत-अल-अमारा येथे २९ एप्रिल १९१६ रोजी ऑटोमन तुर्की सैन्यास शरण गेलेल्या ब्रिटिश-भारतीय फौजेतील भारतीय सैनिक व अनुचर. शरण गेलेल्या सु. १३,००० लोकांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक भारतीय होते. एकाच दिवशी पकडल्या गेलेल्या या फौजेतील प्रत्येकाचे पुढील दैव मुख्यत्वेकरून त्याच्या हुद्द्यावर अवलंबून राहिले, हे या प्रकरणाचे सर्वांत लक्षणीय अंग होय.

अबादान येथील तेल-उद्योगाचे रक्षण आणि आखातातील ब्रिटिश प्रतिष्ठा या हेतूंनी भारतीय सेनेची सहावी (पूना) डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये फाव येथे उतरली व त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. पुढे अमारा (जून १९१५) व कुत (सप्टेंबर १९१५) ही ठाणी सहज हाती आल्याने बगदाद घेण्याचा मोह झाला. तथापि टेसिफॉनच्या लढाईत (२२–२५ नोव्हेंबर १९१५) ४,००० हून अधिक माणसे गमावल्यावर जनरल चार्ल्स टाउनशेंड यास माघार घ्यावी लागली. ३ डिसेंबर रोजी थकलेली फौज कुतमध्ये परतली आणि चार दिवसांतच तिला वेढा पडला. तीत पंजाबी, राजपूत व गुरखा पलटणींबरोबर १०३ व ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठाज या तीन पलटणी होत्या. त्यांत देश व कोकण या भागांतील मराठ्यांचा मोठा भरणा होता.

वेढा १४७ दिवस चालला. तो उठविण्यासाठी शेख साद, हन्ना, दुजैला व सन्नैयात येथे झालेल्या प्रयत्नांत सु. २३,००० सैनिक हताहत झाले. कुतमध्ये प्रथम भाजीपाला व मग धान्य संपत आले. घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले; मात्र बहुतेक भारतीय सैनिकांनी ते बरेच दिवस नाकारले. भारतातील धर्मप्रमुखांकडून तारेने अनुमती आणवूनही गावी परतल्यावर जातीबाहेर पडण्याची भीती दूर झाली नाही. ताज्या भाज्यांच्या अभावी स्कर्व्ही हा रोग बळावला. एप्रिल १९१६ मध्ये विमानांतून धान्याची पोती टाकण्यात आली. युद्धेतिहासातील अशा प्रकारच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होय. तो अपुरा ठरला. अखेरीस तुर्की सेनापती खलील पाशा याला सैन्याच्या सुटकेसाठी मोठी रक्कम देऊ करण्यात आली; ती त्याने नाकारली आणि फौज बिनशर्त शरण गेली.

एक हजाराहून अधिक रोगी व जखमी यांची अदलाबदल झाली. उरलेल्यांची विभागणी हुद्द्यानुसार व भारतीयांच्या बाबतीत धर्मानुसारही झाली. मुस्लिम सैनिकांना खलिफाच्या नावे आपल्या बाजूस वळविण्याचा तुर्कांचा प्रयत्न होता. टाउनशेंड यास मोठ्या इतमामाने इस्तंबूलकडे नेऊन मार्मारा समुद्रातील एका बेटावर निवासस्थान देण्यात आले. कैदेत असतानाच ब्रिटिश सरकारने त्यास ‘सर’ हा किताब दिला. ब्रिटिश अधिकाऱ्यांस अनातोलियातील कस्तमोनू, योजगाद यांसारख्या गावी ठेवण्यात आले. १९०७ च्या हेग करारानुसार अधिकाऱ्यांकडून श्रमाचे काम घेता येत नव्हते. इतरांकडून मात्र घेता येत असे.

साध्या शिपायांना बगदादपर्यंत चालवीत नेले. तेथून सामर्‍यापर्यंत आगगाडी होती. पुढे तिक्रीत, मोसूल व निसिबीनमार्गे रास-अल-ऐनपर्यंतची शेकडो किमी.ची वाट ऐन उन्हाळ्यात पायी तुडवावी लागली. पाच महिन्यांच्या उपासमारीने खंगलेल्या या माणसांना पुरेसे अन्नपाणी नव्हते. अनेकांचे बूट व कपडे पहारेकऱ्यांनी लुटले. इतरांनी ते भाकरीसाठी विकले. चालवेना ते वाटेतच राहिले. खुद्द तुर्की शिपायालाही पुरेसे अन्न मिळत नव्हते, हे खरे असले, तरी त्यामुळे कैद्यांवरील मारहाण व हेळसांड यांचे समर्थन होत नाही.

रास-अल-ऐन हे बगदाद लोहमार्गाचे तत्कालीन टोक होते. तेथे भारतीय कैद्यांना मातीकाम व रूळ टाकण्याच्या कामाला जुंपले. ब्रिटिश शिपाई मुख्यतः टॉरस व आमानुस पर्वतांतील बोगद्यांवर गेले. प्रलापक सन्निपात ज्वराने (टायफसने) अनेकांचा बळी घेतला. लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर कल्याण मुखर्जी हे येथेच १९१७ मध्ये मरण पावले. बेंगॉल अँब्युलन्स कोअरचे शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हे येथील व पुढे अलेप्पो येथील रुग्णालयांत काम करीत. त्यांनी आपली रोजनिशी फाडून तिची पाने बुटांत लपविली व पुढे ती नव्याने लिहून काढली. तिच्या आधारे लिहिलेले त्यांचे अभि ले बगदाद हे बंगाली पुस्तक १९५० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले. कैद्यांच्या हालांबरोबरच त्याच प्रदेशात आर्मेनियनांच्या झालेल्या संहाराचीही त्यात साक्ष आहे.

३० ऑक्टोबर १९१८ च्या मुद्रोसच्या तहानंतर कैद्यांची सुटका झाली. ब्रिटिश शिपायांपैकी सु. ७० टक्के कैदेत मरण पावले होते. भारतीयांतील मृत व बेपत्ता यांची संख्या अडीच ते तीन हजारांच्या घरात होती. उष्ण हवामानाची सवय हे त्यांचे मृत्युप्रमाण तुलनेने कमी असण्याचे एक कारण मानले जाते. अधिकारिवर्गातील मृत्यू मात्र थोडेच होते.

या कैद्यांचा इतिहास लिहिताना साधनांची विषमता जाणवते. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या आठवणींची पुस्तके १९१९ पासूनच निघू लागली. शिपायांपैकी बहुतेक निरक्षर होते. त्यांचे अनुभव गावोगावच्या घरांत सांगितले गेले आणि तेथेच विरले. ११७ व्या पलटणीस १९२१ मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली; १९२२ च्या पुनर्रचनेत तिन्ही मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत समाविष्ट झाल्या. पलटणीचा मान असा कायम राहिला. शिपायाचे नाव मात्र राहिले नाही. १९२९ मध्ये उभारलेल्या बसरा येथील स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. परंतु भारतीय अधिकारी वगळता इतर भारतीयांची त्यावर नावे नसून पलटणवार केवळ संख्या आहे. अशा असमान स्मरणाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर क्षमायाचना केली. मृत्यूनंतरही हुद्द्याचे अंतर मिटले नव्हते, याची ही उशिरा मिळालेली कबुली होय.