बैलघोडा हॉस्पिटलचा अर्ज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या भावाची नात एक अर्ज घेऊन आमच्या घरी आली. ती परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते. तिच्या अभ्यासक्रमातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, म्हणजे सरकारी भाषेत आंतरवासितेचं. २०१६ च्या नियमावलीनं ही मुदत वर्षभराची केली. त्यातले काही आठवडे मुंबईत परळच्या जनावरांच्या रुग्णालयात काढायची तिची इच्छा आहे.

‘परळच का?’ या प्रश्नापुढं तिनं लिहिलं होतं, ‘मला प्राण्यांची आवड आहे.’

मी म्हटलं, "अगं, आवड कुणाला नसते? हे काही कारण झालं नाही."

"मग तुम्हीच सांगा, आजोबा. जन्मभर इतिहास शिकवलात ना?"

खरी अडचण अर्जाची नव्हतीच. तिच्या सख्ख्या आजोबांचं, म्हणजे माझ्या भावाचं म्हणणं, "आपल्याकडं गाई-बैल. मुंबईला जाऊन कुत्री-मांजरं शिकून काय करायचंय?" त्यामुळं मला दोघांनाही पुरेल असं उत्तर शोधावं लागलं.

परळच्या त्या रुग्णालयाला लोक अजूनही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. या नावातच त्याचा इतिहास आहे. मुंबईत १८७४ मध्ये ट्राम सुरू झाली ती घोड्यांनी ओढायची. गोदीतला माल बैलगाड्यांवर जायचा. कुठं घोडा घसरून पडायचा, कुठं बैलाचा खांदा सोलून निघायचा. अशा मुक्या कामगारांसाठी गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी देणगी दिली आणि त्यांच्या पत्नीच्या नावानं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभं राहिलं, ते १८८३ साली. पशुवैद्यक महाविद्यालय आलं त्यानंतर, १८८६ मध्ये, त्याच आवारात. जॉन हेन्री स्टील हे लष्करी पशुवैद्य त्याचे पहिले प्राचार्य. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. रोगी आधी दारात आले, विद्यार्थी मागून.

फ्रान्समध्ये १७६१ साली लियाँ शहरात जगातल्या पहिल्या पशुवैद्यक शाळेची स्थापना झाली, तीही गुरांच्या साथींनी शेतकरी हवालदिल झाले होते तेव्हा. त्या काळची बुळकांडी गोठेच्या गोठे रिकामे करायची. ती जगातून गेल्याचं जाहीर व्हायला २०११ साल उजाडलं.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट वेगळी. हा भाग निजामाच्या राज्यात, त्यामुळं तेव्हाच्या औरंगाबादच्या मुलाला परळ म्हणजे परका मुलूख. हैदराबादला पशुवैद्यक महाविद्यालय निघालं तेच १९४६ साली. परभणीला ते आलं १९७२ मध्ये.

हे साल ऐकलं की आमच्या पिढीचं काळीज हलतं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, भाऊ सोळा-सतरा वर्षांचा. आमचं गाव खुलताबाद तालुक्यात. विहीर कोरडी, कडबा संपलेला. भाऊ दोन्ही बैल घेऊन पायी छावणीला गेला आणि एकच घेऊन परतला. दुसरा वाटेत बसला तो बसलाच. दवाखाना तालुक्याला, आणि बैलाला चार पावलं टाकणं जमेना. भाऊ रात्रभर त्याच्याजवळ बसून होता म्हणतात. घरी आल्यावर दोन दिवस जेवला नाही, एवढं मात्र मला आठवतं. त्याच साली परभणीत गुरांचे डॉक्टर घडवायला सुरुवात झाली, हे आमच्यापैकी कुणाच्या कानावरही आलं नव्हतं. येऊन तरी काय? बैलाला जिथं जाता येत नाही तिथं डॉक्टरनंच जायला हवं.

आता तसं होतं, निदान अडीनडीला तरी. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा लसीकरणासाठी इंटर्नशिपच्या मुलांनाही हाताशी घेतलं गेलं. ही मुलं गोठ्यागोठ्यांतून फिरली. महाविद्यालयाच्या दवाखान्यात रोगी टेबलावर येतो, गोठ्यात शेणातच गुडघे टेकावे लागतात. दोन्ही शिकायलाच हवं, असं माझं मत.

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि वर मलाच सुनावलं, "पण आजोबा, परळला आता कुत्र्या-मांजरांचीच गर्दी असते. आपल्या शहरात दवाखान्यात बघा, म्हशीच्या मागं कुत्रं घेऊन माणूस उभा असतो. गाय धरायला मी घरीच शिकले. मला येत नाही ते दुसरं."

हेच कारण तिनं अर्जात लिहिलं. बैलघोड्याचा इतिहास तिनं अर्ध्या ओळीत उरकला, याचं मला थोडं वाईट वाटलं.

परवानगीचं उत्तर अजून आलेलं नाही. भावानं अर्ज दोनदा वाचून घेतला. काही बोलला नाही. काल मात्र त्याचा फोन आला, देवगिरी एक्सप्रेस परभणीहून किती वाजता सुटते ते विचारत होता.