बाबा यागा : खलत्व आणि अधिकार

रशियन अद्‌भुतकथेतील बाबा यागा हिला नरभक्षक चेटकीण म्हणून खलवर्गात बसविणे सोपे असले, तरी कथांची साक्ष वेगळी आहे. तिच्या नावातील ‘बाबा’ या शब्दाचा अर्थ म्हातारी, आजी असा होतो. लोमोनोसोव्हच्या १७५५ मधील व्याकरणग्रंथात तिचा उल्लेख आढळतो. तिचे कथारूप मात्र प्रामुख्याने अफानास्येव्हच्या १८५५ ते १८६३ या काळातील संकलनातून परिचित झाले.

या संकलनातील वासिलिसेच्या कथेत यागेचे कुंपण माणसांच्या हाडांचे आहे. ती वासिलिसेला कामे नेमून देते आणि ती न झाल्यास खाऊन टाकण्याची धमकी देते. पण अखेरीस कवटीतील विस्तवही तीच देते, आणि त्या विस्तवाने सावत्र आई व बहिणी जळून जातात. म्हणजे अन्यायाची जागा घरात आहे, न्यायाची अरण्यात.

प्रॉपने १९२८ मध्ये खलनायक आणि दाता ही दोन भिन्न कार्यक्षेत्रे मानली. यागा दोन्ही व्यापते. १९४६ च्या ग्रंथात त्याने तिला मृतांच्या प्रदेशाची द्वारपाल मानून तिचा संबंध दीक्षाविधीशी जोडला : विधी लोपला, भीती उरली. ही उपपत्ती विभिन्न समाजांतील विधींच्या तुलनेवर उभी असल्याने तिला निर्णायक पुरावा म्हणता येत नाही. तथापि वृद्धेच्या अधिकाराचे पुढे काय झाले, हा प्रश्न तिच्यामुळे अटळ होतो. रोऊच्या १९३९ मधील चित्रपटात यागेची भूमिका मिल्यार या पुरुष नटाने केली. तेथे हा अधिकार हास्यास्पद कुरूपतेत विरला. परीक्षा घेण्याचा हक्क काढून केवळ क्रौर्य शिल्लक ठेवले, की खलनायिका उरते. आजी उरत नाही.