तळटीप : जांभळे घर

मजकुरातील ‘जांभळे घर’ म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्जची ‘पर्पल हाऊस’ ही आदिवासींनीच चालवलेली डायलिसिस संस्था. मूत्रपिंडे निकामी झाली की किंटोर, किविरकुरा या वाळवंटी वस्त्यांतल्या पिंटुपी आदिवासींना पाचशेहून अधिक किलोमीटर दूर, ॲलिस स्प्रिंग्जमध्ये येऊन राहावे लागे. डायलिसिस आठवड्यातून तीनदा. त्यामुळे घर, नातवंडे आणि पूर्वजांची भूमी जवळजवळ कायमचीच सुटे. आजारापेक्षा हे तुटणे अधिक जिव्हारी लागणारे होते. गावातच उपचार मिळावेत म्हणून २००० साली ‘पापुन्या तुला’ या आदिवासी कलासंस्थेच्या चित्रकारांनी एकत्र बसून मोठी चित्रे रंगवली. त्यांच्या सिडनीतील लिलावात दहा लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. त्या पैशातून ही संस्था उभी राहिली आणि २००४ मध्ये किंटोरमध्येच डायलिसिस सुरू झाले.