लॉर्ड्सची चिमणी : एका वस्तूने झाकलेला खेळाडू

१/११
लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर एमसीसीचे संग्रहालय आहे. तेथे थोर खेळाडूंच्या बॅटी, चेंडू आणि तैलचित्रे यांच्या सोबतीने एक चिमणीही आहे. पेंढा भरून क्रिकेटच्या चेंडूवर बसवलेली. क्रीडासंग्रहांत विचित्र वस्तूंची वानवा नसते. या वस्तूमागे मात्र भारताच्या पहिल्या कसोटी संघातील एक गोलंदाज उभा आहे.

२/११
दिनांक ३ जुलै १९३६. एमसीसी विरुद्ध केंब्रिज विद्यापीठ. गोलंदाज जहांगीर खान, फलंदाज टॉम पीअर्स. चेंडू हातातून सुटला आणि त्याच्या मार्गात नेमकी एक चिमणी आली. पीअर्स यांनी चेंडू खेळून काढला. यष्ट्यांजवळ पाहिले, तर पक्षी मरून पडला होता. बेल्स मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

३/११
मैदानावर मेलेला पक्षी एरवी उचलून बाजूला टाकला जातो आणि संध्याकाळपर्यंत विसरलाही जातो. ही चिमणी जतन झाली. परिणामी त्या सामन्याचा निकाल आज फारच थोड्यांना आठवतो, पण चिमणी पाहायला लोक आवर्जून थांबतात.

४/११
जहांगीर खान यांचा जन्म १९१० साली जालंदरला झाला. २५ जून १९३२ रोजी भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तोही लॉर्ड्सवरच. कर्णधार होते नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू. त्या अकरा जणांत २२ वर्षांचे जहांगीर खान होते.

५/११
इंग्लंडच्या दुसऱ्या डावात त्यांनी ६० धावांत ४ बळी घेतले. बाद झालेले फलंदाज होते होम्स, वूली, हॅमंड आणि पेंटर. इंग्लंडच्या फलंदाजीचा हा कणाच होता. भारत १५८ धावांनी हरला, तरी नवख्या संघाच्या गोलंदाजीची दखल यजमानांना घ्यावी लागली.

६/११
पुढे ते केंब्रिजला शिकायला गेले आणि १९३३ पासून विद्यापीठाच्या संघातून खेळू लागले. १९३६ साली भारतीय संघ पुन्हा इंग्लंडला आला, तेव्हा तिन्ही कसोट्यांत ते भारताकडून उतरले. पहिली कसोटी जूनअखेरीस लॉर्ड्सवर झाली. त्यानंतर काही दिवसांतच, त्याच मैदानावर, चिमणीचा प्रसंग घडला.

७/११
त्यांची कसोटी कारकीर्द चार सामन्यांची. बळीही चारच, आणि ते सारे १९३२ च्या त्या एका डावातले. म्हणजे त्यांची कसोटीतील सर्वोत्तम कामगिरी आणि त्यांच्या नावाला कायमचा चिकटलेला अपघात, दोन्ही एकाच मैदानावरचे. पहिली गोष्ट धावफलकाच्या कागदात राहिली, दुसरी काचेआड मांडली गेली.

८/११
असे का व्हावे? उत्तम चेंडू टाकून झाला की मागे उरते ती केवळ नोंद. संग्रहालयाला मात्र हाती धरता येईल अशी वस्तू लागते. जे टिकते ते दाखवले जाते आणि जे दाखवले जाते तेच लोकांच्या स्मरणात राहते. निवडीचे हे काम पुष्कळदा योगायोगच करून टाकतो.

९/११
याच संग्रहालयातील ‘ॲशेस’चे पात्र पाहा. १८८२ साली ओव्हलवर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ७ धावांनी हरवले, तेव्हा ‘द स्पोर्टिंग टाइम्स’ने इंग्लिश क्रिकेटची उपहासात्मक मृत्युवार्ता छापली. पुढल्या दौऱ्यात कर्णधार आयव्हो ब्लाय यांना जेमतेम ११ सेंटीमीटर उंचीचे मातीचे पात्र गमतीने भेट मिळाले. ते दशकानुदशके त्यांच्या घरीच होते. १९२७ साली ब्लाय वारले आणि मग ते एमसीसीकडे आले. थट्टेतून निघालेली ही वस्तू आज दोन देशांच्या अभिमानाचे प्रतीक आहे.

१०/११
२००६ च्या अखेरीस हे पात्र ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होते. त्याच सुमारास चिमणीही परदेशी गेली होती, रॉटरडॅमच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील चिमण्यांवरील प्रदर्शनासाठी. तेथे तिच्या सोबतीला २००५ साली नेदरलँड्समध्ये विक्रमासाठी मांडलेल्या हजारो डॉमिनो सोंगट्या पाडणारी आणि त्यापायी गोळी घालून मारलेली चिमणी होती. क्रिकेटची आठवण म्हणून जपलेला पक्षी तेथे प्रथमच पक्षी म्हणून मांडला गेला.

११/११
जहांगीर खान फाळणीनंतर पाकिस्तानात राहिले. त्यांचे पुत्र माजिद खान पुढे पाकिस्तानचे कर्णधार झाले. १९८८ साली लाहोरला जहांगीर खान यांचे निधन झाले. भारताच्या कसोटीवीरांच्या यादीत त्यांचे नाव आजही पहिल्याच अकरांत आहे. लॉर्ड्सला जाणाऱ्याने चिमणी जरूर पाहावी. मात्र तेथून निघण्यापूर्वी १९३२ चा धावफलकही एकदा वाचावा. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात, चार फलंदाजांच्या नावांपुढे, तो गोलंदाज सापडतो.